नाकातले घड्याळ

कापसाच्या शेतात गुलाबी बोंडअळीसाठी लावलेले कामगंध सापळे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. काठीला टांगलेली प्लॅस्टिकची पिशवी, वर झाकण आणि झाकणाखाली रबराची एक छोटी गोळी. या गोळीत बोंडअळीच्या मादी पतंगाचा वास कृत्रिमरीत्या तयार करून भरलेला असतो. त्या वासाने नर पतंग खेचले जातात आणि पिशवीत अडकतात. शेतकरी सकाळी जाऊन किती पतंग सापडले ते मोजतो.

इथे एक साधा प्रश्न विचारता येतो. गोळीतून वास दिवसभर सुटत असतो. उलट दुपारच्या उन्हात तो अधिकच सुटत असला पाहिजे. मग पतंग फक्त रात्रीच का येतात? दुपारी ते झोपलेले असतात असे उत्तर कोणीही देईल. पण त्याने प्रश्न संपत नाही. दुपारी पतंगाला वास येतो पण तो उठत नाही, की त्याचे नाकच दुपारी बंद असते? वास तोच, हवा तीच, पतंगही तोच. बदललेली आहे ती फक्त वेळ.

हा प्रश्न नीट विचारला जायला आणि त्याचे उत्तर मिळायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. त्या शंभर वर्षांची ही हकीगत.

फाब्रच्या घरातली रात्र

फ्रान्सच्या दक्षिणेकडील सेरिन्यां या गावी झाँ आंरी फाब्र नावाचा एक शिक्षक राहत असे. शाळेतली नोकरी सोडल्यावर १८७९ साली त्याने तिथे एक पडीक जमिनीचा तुकडा घेतला आणि उरलेले आयुष्य कीटकांचे निरीक्षण करण्यात घालवले. १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका ग्रंथात त्याने मोठ्या मोरपतंगाची गोष्ट सांगितली आहे. आपल्याकडे भंडारा-गडचिरोली भागात टसर रेशीम देणारा जो पतंग आहे, त्याच्याच कुळातला हा युरोपातला सर्वांत मोठा पतंग.

मे महिन्याच्या एका सकाळी फाब्रच्या टेबलावरच्या कोशातून मादी बाहेर पडली. त्याने ती जाळीच्या टोपल्याखाली ठेवून दिली. त्या रात्री नऊच्या सुमारास त्याच्या लहान मुलाने आरडाओरडा केला. घरात पक्ष्यांएवढे पतंग घुसले होते. सुमारे चाळीस नर त्या एका मादीसाठी अंधारातून आले होते. पुढे आठ रात्री हाच प्रकार चालला.

नर येतात तरी कशाच्या आधारे? फाब्रने प्रयोग सुरू केले. मादीला हवाबंद डब्यात ठेवले तर एकही नर येत नसे. डब्याला फट राहिली की येत. म्हणजे हवेतून काहीतरी जात होते. ते काहीतरी म्हणजे वास असेल, तर दुसऱ्या उग्र वासाने तो झाकला गेला पाहिजे, असा विचार करून त्याने मादीभोवती डांबराच्या गोळ्या ठेवल्या. नर तरीही आले. खुद्द फाब्रला मादीचा काहीच वास येत नव्हता. नरांच्या पिसासारख्या मिशा, म्हणजे शृंगिका, कापूनही त्याने पाहिले; पण हे पतंग जेमतेम काही दिवस जगत असल्याने त्यातून ठाम निष्कर्ष निघाला नाही. शेवटी हा नेहमीच्या अर्थाने वास आहे की आणखी काही, याबद्दल तो साशंकच राहिला.

आपल्या दृष्टीने त्याच्या वहीतली दुसरी एक नोंद महत्त्वाची आहे. मोठ्या मोरपतंगाचे नर रात्री आठ ते दहाच्या दरम्यान येत. त्याच कुळातल्या लहान मोरपतंगाचे नर मात्र भर दुपारी बाराच्या सुमारास, लख्ख उन्हात येत. तिसऱ्या एका जातीचे नर दुपारी तीनच्या आसपास येत. फाब्रने या वेळा प्रामाणिकपणे लिहून ठेवल्या. पण तो शोधत होता ‘कसे येतात’ याचे उत्तर. ‘त्याच वेळी का येतात’ हा प्रश्न नोंदीत तसाच पडून राहिला.

मुरंब्यावरच्या मधमाश्या

वेळेचा प्रश्न दुसऱ्याच वाटेने पुढे आला. ऑग्युस्त फोरेल हा स्विस डॉक्टर आणि मुंग्यांचा अभ्यासक. उन्हाळ्यात त्याच्या घरची मंडळी सकाळची न्याहारी बाहेर मोकळ्यावर करीत. टेबलावर मुरंबा असे आणि त्यावर मधमाश्या येत. हवा खराब असली की न्याहारी घरात होई. फोरेलच्या लक्षात आले, की अशा दिवशीही मधमाश्या नेमक्या न्याहारीच्या वेळी रिकाम्या टेबलावर येऊन घिरट्या घालतात. मुरंबा घरात होता, टेबलावर वास नव्हता; म्हणजे माश्यांना वेळ आठवत होती. १९१० साली त्याने हे निरीक्षण प्रसिद्ध केले.

निरीक्षणाचा प्रयोग केला तो म्युनिकच्या इंगेबोर्ग बेलिंग हिने. ती कार्ल फोन फ्रिश यांची विद्यार्थिनी. तिने मधमाश्यांच्या अंगावर रंगाचे ठिपके देऊन त्यांना ओळख दिली आणि दररोज ठरावीक दोन तासच साखरेचे पाणी ठेवले. काही दिवसांनी एक दिवस पाणी ठेवलेच नाही आणि दिवसभर बसून कोण केव्हा येते ते टिपले. बहुतेक माश्या शिकवलेल्या वेळी किंवा तिच्या थोड्या आधी आल्या. दर २४ तासांनी खाणे देण्याचा नियम माश्या सहज शिकल्या. दर १९ तासांनी देण्याचा नियम मात्र त्यांना शिकवता आला नाही. हे काम १९२९ साली प्रसिद्ध झाले.

मग शंका आल्या. माश्या सूर्य पाहून वेळ ओळखत असतील का? बंद खोलीत सतत उजेड ठेवून पाहिले, तरी माश्या वेळेवरच. हवेतील एखादा अदृश्य बदल त्यांना कळत असेल का? ऑस्कर वाल याने १९३२ साली पोळे खोल मिठाच्या खाणीत नेले, तिथेही तेच. शेवटची शंका १९५५ साली माक्स रेनर याने दूर केली. पॅरिसमध्ये एका बंद खोलीत शिकवलेल्या माश्या विमानाने रातोरात न्यूयॉर्कला नेऊन तशाच दुसऱ्या खोलीत ठेवल्या. न्यूयॉर्कमध्ये त्या शेवटच्या खाण्यानंतर २४ तासांनी, म्हणजे पॅरिसच्या वेळेप्रमाणे आल्या. पृथ्वीचे फिरणे, तिथला दिवस-रात्र, यांचा त्यांच्यावर परिणाम झाला नव्हता. घड्याळ त्यांच्या शरीरातच होते.

माशीला अशा घड्याळाचा उपयोग काय? फुले दिवसभर सारखा मध देत नाहीत. काही सकाळी देतात, काही दुपारी. रातराणी तर रात्रीच दरवळते. बंद दुकानाकडे खेटे घालण्यापेक्षा उघडण्याची वेळ लक्षात ठेवणे फायद्याचे.

१९५९ : दोन शब्दांचा जन्म

आता एका वर्षाकडे थोडे थांबून पाहू. १९५९ साली जर्मनीत आडोल्फ बूटेनांट यांच्या गटाने रेशीमपतंगाच्या मादीचा वास, म्हणजे नराला बोलावणारा पदार्थ, शुद्ध स्वरूपात मिळवल्याचे जाहीर केले. त्याला ‘बाँबिकॉल’ असे नाव दिले. या कामाला सुमारे वीस वर्षे आणि पाच लाख माद्या लागल्या होत्या. त्याच वर्षी पीटर कार्लसन आणि मार्टिन ल्यूशर यांनी अशा सर्व निरोप्या पदार्थांसाठी ‘फेरोमोन’ हा शब्द सुचवला.

याच वर्षी अमेरिकेत फ्रान्झ हालबर्ग यांनी शरीरातील सुमारे २४ तासांच्या लयींसाठी ‘सर्केडियन’ हा शब्द रूढ केला. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ ‘साधारण एका दिवसाचा’. ‘साधारण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कायम अंधारात ठेवलेल्या जीवाचे घड्याळ बरोबर २४ तासांचे नसते, थोडे पुढे किंवा मागे जाते. रोजचा उजेड ते जुळवून घेतो.

एकाच वर्षी जन्मलेले हे दोन शब्द मात्र चाळीस वर्षे वेगवेगळ्या प्रयोगशाळांत वाढले. वासाचे संशोधक वेळ सोडून देत आणि घड्याळाचे संशोधक वास.

वासाच्या बाजूला एक मोठे साधन हाती आले होते. १९५७ साली डीट्रिख श्नायडर यांनी रेशीमपतंगाच्या मिशीला सूक्ष्म विद्युतअग्रे जोडली. वासाची झुळूक सोडली की मिशीत विजेचा दाब क्षणभर बदले आणि त्याचा आलेख काढता येई. कीटकाला वास आला की नाही, हे आता त्याच्या वागण्यावरून ताडण्याची गरज उरली नाही. फाब्रच्या डांबरगोळ्या का हरल्या तेही उलगडले. नर रेशीमपतंगाच्या प्रत्येक मिशीवर सुमारे १७ हजार केस मादीचा वास टिपण्यासाठी असतात. त्यांतल्या पेशी त्या एका पदार्थासाठीच बनलेल्या असतात. दुसरा वास कितीही उग्र असला तरी त्यांना तो जवळजवळ नसल्यासारखाच.

घड्याळाच्या बाजूला १९७० साली जेम्स ट्रूमन आणि लिन रिडिफर्ड यांनी एक विलक्षण प्रयोग केला. मोरपतंगाच्याच कुळातल्या दोन जाती त्यांनी घेतल्या. एक जात सकाळी कोशातून बाहेर पडते, दुसरी दिवस कलल्यावर. दोन्हींचे मेंदू काढून एकमेकींच्या पोटात बसवले. पतंग बाहेर पडले ते मेंदूच्या वेळेप्रमाणे, शरीराच्या नव्हे. यावरून असे चित्र तयार झाले, की घड्याळ म्हणजे मेंदूतला एक घंटावाला; तो टोल देतो आणि बाकीचे शरीर ऐकते.

मग रात्रीच येणाऱ्या पतंगांचे काय? अमेरिकेत हॅरी शोरी आणि लाइल गॅस्टन यांनी १९६५ साली दाखवले, की शेतीचे नुकसान करणाऱ्या काही पतंगांचे नर मादीच्या वासाला ठरावीक वेळीच उत्तर देतात आणि ही लय आतूनच येते. पण नाकाचा दोष की मेंदूचा, हे कळले नाही. घंटावाल्याच्या चित्राप्रमाणे पाहिले तर उत्तर सोपे वाटे : नाक चोवीस तास उघडे, निर्णय मेंदूचा.

एका प्रयोगशाळेतून दोन वाटा

सत्तरच्या दशकात दोन्ही विषय एका लहानशा माशीपाशी आले. पिकलेल्या केळ्यावर घोंगावणारी चिलटासारखी फळमाशी, म्हणजेच ड्रोसोफिला. कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेत सिमूर बेन्झर यांच्याकडे काम करणाऱ्या रोनाल्ड कोनोप्का याने १९७१ साली अशा तीन प्रकारच्या माश्या शोधल्या, की ज्यांचे घड्याळ बिघडलेले होते. एकीचा दिवस सुमारे १९ तासांचा, दुसरीचा सुमारे २८ तासांचा आणि तिसरीला वेळेचा पत्ताच नाही. तिन्ही दोष एकाच जनुकात होते. १९८४ साली जेफ्री हॉल आणि मायकेल रॉसबॅश यांच्या गटाने, तसेच मायकेल यंग यांच्या गटाने ते जनुक वेगळे केले. या जनुकापासून बनणारे प्रथिन रात्री साठत जाते, पुरेसे साठले की स्वतःच्याच जनुकाचे काम थांबवते, मग ते नष्ट होते आणि जनुक पुन्हा सुरू होते. हा फेरा साधारण २४ तासांत पुरा होतो. या कामासाठी तिघांना २०१७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरी वाट मुंबईकडे आली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील ओबेद सिद्दिकी हे बेन्झर यांच्यासोबत फळमाशीवर काम करून आले होते. दोघांचा एक संयुक्त शोधनिबंध १९७६ साली प्रसिद्ध झाला. कुलाब्याच्या प्रयोगशाळेत सिद्दिकी आणि त्यांची विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी विशिष्ट वास किंवा चव न कळणाऱ्या माश्यांचा शोध घेतला. १९७८ साली त्यांचे काम प्रसिद्ध झाले. माशीच्या वास घेण्यामागची जनुके शोधण्याच्या जगातल्या पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक होता. म्हणजे एकाच माशीच्या घड्याळाचा तपास एका टोकाला आणि नाकाचा तपास दुसऱ्या टोकाला चालू होता.

चाळीस वर्षांनी भेट

१९९७ साली घंटावाल्याच्या चित्राला तडा गेला. स्टीव्ह के आणि हॉल यांच्या गटांनी घड्याळाच्या जनुकाला काजव्याच्या प्रकाशाचे जनुक जोडले. जिथे घड्याळ चालू असेल तिथे माशी मंद चमकणार, अशी ही युक्ती. चमकला तो केवळ मेंदू नव्हे. पाय, पंख, मिशा, सगळीकडे प्रकाश कमी-जास्त होत होता. शरीरापासून तोडलेले अवयवसुद्धा बशीत आपापली वेळ पाळत होते आणि उजेडाने ती जुळवूनही घेत होते. शरीरात एकच घड्याळ नव्हते. जवळजवळ प्रत्येक खोलीत एक टांगलेले होते.

मग मिशीतल्या घड्याळाचे काम काय? ह्यूस्टन येथील बालाजी कृष्णन, स्टुअर्ट ड्रायर आणि पॉल हार्डिन यांनी श्नायडरची जुनी पद्धत वापरली, पण दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी. १९९९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा : तोच वास, तेवढाच वास, पण माशीच्या मिशीचे उत्तर मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत जोरदार आणि दिवसा क्षीण. कायम अंधारातही ही लय टिकली. घड्याळाचे जनुक बिघडलेल्या माश्यांत ती नाहीशी झाली.

खरी कसोटी पुढची होती. ज्यांच्या मेंदूतले मुख्य घड्याळ चालू आहे पण मिशीतले बंद आहे, अशा माश्या त्यांनी घेतल्या. या माश्यांचे हिंडणे-फिरणे वेळच्या वेळी होत होते. पण वासाची लय गायब होती. म्हणजे नाकाला वेळ सांगणारा मेंदू नव्हता. २००४ साली हार्डिन यांच्याच गटाने दाखवले, की मिशीतल्या चेतापेशींचे घड्याळ या लयीसाठी आवश्यक तर आहेच, पण पुरेसेही आहे. पुढे २००८ साली यंत्रणाही थोडी कळली. वास टिपणारी प्रथिने पेशीच्या टोकाशी किती जमावीत, हे एक विकर ठरवते आणि त्याचे प्रमाण घड्याळाप्रमाणे कमी-जास्त होते.

‘फेरोमोन’ आणि ‘सर्केडियन’ हे दोन विषय असे चाळीस वर्षांनी एका मिशीवर भेटले.

सर्वांचे नाक सारखे नाही

आता बोंडअळीच्या सापळ्याकडे परत जाऊ. फळमाशीचे उत्तर सर्व कीटकांना लागू करून मोकळे व्हावे असा मोह होतो. पण निसर्गाने तेवढी सोय केलेली नाही.

स्वीडनमध्ये २००३ साली सलगमावरच्या एका पतंगाचा अभ्यास झाला. त्याचे नर मादीच्या वासाकडे रात्रीच धावतात. पण मिशीचे उत्तर दिवसा-रात्री सारखेच निघाले. इथे नाक उघडे, निर्णय आत. २००७ साली फ्रान्समध्ये, आपल्याकडच्या तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीच्या सख्ख्या नातलगाच्या मिशीत मात्र घड्याळही सापडले आणि वासाची लयही. २००३ सालीच अमेरिकेत टेरी पेज यांनी एका जातीच्या झुरळात पाहिले, की मिशीच्या उत्तरात लय आहे, पण ती चालवणारे घड्याळ मेंदूत डोळ्यांलगतच्या भागात आहे. तो भाग तोडला की लय जाते. तीन कीटक, तीन व्यवस्था.

याच झुरळांनी शिक्षकांना आवडेल अशी आणखी एक गोष्ट दाखवली. २००७ साली पेज यांच्या गटाने झुरळांना विशिष्ट वास आणि गोड खाणे यांचा संबंध शिकवला. संध्याकाळी शिकवलेल्या झुरळांनी तो धडा कित्येक दिवस लक्षात ठेवला. सकाळी शिकवलेली झुरळे जवळजवळ काहीच शिकली नाहीत. शिकवणी तीच, विद्यार्थी त्याच जातीचे. (झुरळाचा निष्कर्ष शाळेच्या वेळापत्रकाला लावू नये, एवढी विनंती!) मधमाश्यांतही कोल्टरमान यांनी १९७१ साली असेच पाहिले होते, की शिकलेला वास माशीला २४ तासांनी, म्हणजे त्याच वेळेला, सर्वांत चांगला आठवतो.

हा केवळ कुतूहलाचा विषय नाही. आफ्रिकेत मलेरिया पसरवणाऱ्या ॲनाफिलिस डासावर अमेरिकेत झालेले एक संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झाले. या डासाच्या मिशीतली वास वाहून नेणारी प्रथिने रात्री वाढतात आणि माणसाच्या अंगाच्या वासातील काही घटकांना त्याचे नाक रात्रीच अधिक तिखट असते. माणूस झोपलेला असतो ती हीच वेळ. मच्छरदाणीचा सारा उपाय या वेळेवर उभा आहे. बेनिन देशात मच्छरदाण्यांचा वापर वाढल्यावर एका जातीचे डास उशिरा, पहाटे आणि उजाडल्यावरही चावू लागल्याची नोंद २०१२ साली प्रसिद्ध झाली. डासाची वेळ बदलली, तर आपला उपाय कमी पडतो. डास कोणत्या वासाकडे येतो याइतकेच, तो किती वाजता येतो हे समजून घेणे म्हणूनच जिवनमरणाचे आहे.

वर्गात काय करता येईल?

रुंद तोंडाच्या बरणीत कुस्करलेले केळे ठेवा. फळमाश्या येऊन अंडी घालतील. मग माश्या सोडून द्या आणि तोंडाला पातळ कापड बांधा. बरणी खिडकीजवळ, पण थेट ऊन लागणार नाही अशी ठेवा. सुमारे दीड आठवड्याने कोशांतून नव्या माश्या निघू लागतील. सकाळी शाळा भरताना, मधल्या सुटीत आणि शाळा सुटताना नव्या माश्या मोजून बाहेर सोडा. बहुतेक माश्या कोणत्या नोंदीत सापडतात ते मुलांनाच शोधू द्या. जोडीला शाळेच्या आवारातल्या एका फुलझाडावर दर तासाला पाच मिनिटे कोणते कीटक येतात, याचीही नोंद ठेवता येईल.

आपण पाठ्यपुस्तकात ज्ञानेंद्रिये शिकवतो ती एखाद्या मोजपट्टीसारखी : कान ऐकतो, नाक वास घेते, केव्हाही, सारखेच. कीटकांच्या मिशीने शिकवलेला धडा असा, की मोजपट्टीच दिवसाकाठी लांब-आखूड होऊ शकते. चाळीस वर्षे अनेक हुशार माणसांनी वास मोजला, पण किती वाजता मोजला हे महत्त्वाचे मानले नाही. फाब्रने मात्र कशासाठी ते माहीत नसतानाही वेळा लिहून ठेवल्या होत्या. मुलांच्या निरीक्षणवहीत तारखेशेजारी वेळेचाही एक रकाना आखून घेतला, तर आम्हांला वाटते, या हकीगतीचे सार्थक होईल.